मॅडम, तुमची बाजू कोणती होती?

पुराणिक मॅडम,

आपलं भांडण अर्धंच राहिलं. मी शाळेत शिक्षिका व्हायचं म्हणत होते आणि तुम्ही होऊ नकोस म्हणत होता. "नीट कारण घेऊन ये, मग बोलू," असं सांगून तुम्ही मला घरी पाठवलं होतं. कारण शोधायला मला वेळ लागला. मला सगळ्यालाच वेळ लागतो, ते तुम्हाला माहीत होतं. शेवटी एक बऱ्यापैकी कारण सापडलं, रविवारी तुमच्याकडे यायचं ठरवलं, आणि त्याआधीच शाळेच्या ग्रुपवर तुमचा फोटो आला. फोटो तुमच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाचा होता. गळ्यात हार आणि तोंडभर हसू. मला वाटलं तुमचा वाढदिवस असेल. मी खाली केकचं चित्र टाकणारच होते, तेवढ्यात वरची 'दुखद निधन' ही ओळ वाचली.

आपली शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून ग्रुपवर सगळ्यांनी हिंदीत लिहिलं. परम आदरणीय, प्रेरणास्रोत, अपूरणीय क्षति. मलाही काही लिहायचं होतं, पण हे शब्द तुमच्या अंगाला बसेनात. तुम्हाला कोणी परम आदरणीय म्हटलं की तुम्ही मागे वळून बघायचा, कोण आलंय म्हणून. शिवाय आपण दोघी मराठीत भांडायचो. म्हणून हे मराठीत लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या, किंवा नका घेऊ, तुम्ही तसंही घेत नव्हता.

बी.एड.ची नावनोंदणी सुरू झाली आहे. एम.एस्सी.चीही होईल थोड्या दिवसांत. कुठे जायचं ते मला ठरवायचं आहे, आणि घरात विचारायला कोणी नाही. बाबा लोडिंग रिक्षा चालवतात, आई साड्यांना फॉल लावते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.एड. म्हणजे काय, एम.एस्सी. म्हणजे काय, हे त्यांना मीच सांगायचं, आणि मी जे सांगेन ते त्यांना खरं वाटतं. याचीच मला भीती वाटते. माझं म्हणणं खोडून काढणारं माणूस एकच होतं.

नववीत तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवायला आलात. पहिल्याच शनिवारी शेवटच्या तासाला खडू टेबलावर ठेवलात आणि सरळ येऊन तिसऱ्या बाकावर बसलात. "आज कौन पढ़ाएगा?" म्हणालात. आम्हाला वाटलं तुमची तब्येत बरी नाही. पण तो तुमचा नेमच होता. शनिवारचा शेवटचा तास आमच्यातलं कोणीतरी घ्यायचं आणि तुम्ही विद्यार्थी व्हायचं. शिकवणाऱ्यानं आधी हजेरी घ्यायची, त्यात तुमचं नाव शेवटी. "पुराणिक?" "उपस्थित, मैडम." आणि विद्यार्थी म्हणून तुम्ही अगदी वाया गेलेल्या होता. पाणी प्यायला जाऊ का म्हणून सारखं विचारायचं, शेजारणीशी कुजबुजायचं, कंपासपेटीतून शेव काढून बाकाखालून खायची. परदेशीपुऱ्यातल्या सगळ्या शाळांत मिळून तुमच्याइतका त्रासदायक विद्यार्थी नसेल.

माझी पाळी आली की माझा घसा दुखायचा. तुम्ही काही म्हणायचा नाहीत, पुढच्या मुलीला बोलवायचात. मग एका शनिवारी पर्समधून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवलीत. "गले के लिए है. चल, उठ."

मी अम्ल आणि क्षार शिकवायला घेतलं. हळदीचा कागद घरून करून आणला होता. साबणाच्या पाण्यानं तो लाल होतो, लिंबानं परत पिवळा होतो, एवढंच दाखवायचं होतं. माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नव्हता. तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. "मैडम, हल्दी से तो सब्ज़ी बनती है. इसमें साइंस कहाँ है?" वर्ग हसला. मी पुढे बोलायला लागले, तर तुम्ही शेजारी बसलेल्या रुबीनाला शेव देत होता. मी थांबले. तुम्ही परत विचारलंत, "मैडम, साबुन से सब्ज़ी लाल होगी क्या?" आता सगळे बाक वाजवायला लागले. मला इतका राग आला की घसा, भीती, सगळं विसरले. "पुराणिक, आप बाहर जाइए," असं मी म्हणाले. म्हणजे तोंडातून आलंच ते.

तुम्ही उठलात. पदर सारखा केलात, मान खाली घातलीत आणि खरोखर बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिलात.

आणि नेमके तेव्हाच प्रिन्सिपल सर फेरीला आले. खिडकीतून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"मैडम, आप बाहर?"

"सर, बातें कर रही थी. निकाल दिया."

"किसने निकाल दिया?"

"हमारी मैडम ने. बहुत सख़्त हैं."

सरांनी आत डोकावून पाहिलं. माझ्या एका हातात खडू, दुसऱ्या हातात ओला कागद. सरांनी फळ्यावर लिहिलेलं वाचलं. मग तुम्हाला म्हणाले, "तो फिर ठीक है," आणि पुढे गेले. मी उरलेला तास पुरा घेतला. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता, हे मला नंतर रुबीनानं सांगितलं.

घंटा झाल्यावर तुम्ही दारातून विचारलंत, "आत येऊ का?" तोपर्यंत शाळेत तुम्ही माझ्याशी कधी मराठीत बोलला नव्हता. मला वाटलं आता शाबासकी मिळेल. तुम्ही म्हणालात, "छान घेतलास तास. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंस. बाहेर काढलंस. उत्तर नसलं की मास्तर लोक असंच करतात. सोमवारी उत्तर आण." मी रविवारभर साबण आणि भाजी यांचा विचार करत होते. आईनं विचारलं, "काय गं, भाजीत साबण पडला का?"

बारावीनंतर तुम्ही आमच्या घरी आलात, तेव्हाची गोष्ट बाबा अजून सगळ्यांना सांगतात. फक्त ते सांगतात त्यात ते जिंकतात. खरं काय झालं ते असं. बाबा म्हणाले, "मॅडम, बारावी झाली, लई झालं. कॉलेज करून काय करायचंय? आईसंगं शिलाई शिकेल." मी आशेनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि म्हणालात, "बरोबर आहे तुमचं."

मला रडू यायचं बाकी होतं.

"तशीही ती चार माणसांत बोलत नाही," तुम्ही म्हणालात. "डोकंही साधारणच."

"साधारण कसं?" बाबा म्हणाले. "केमिस्ट्रीत पहिली आली वर्गात."

"येतं एखाद्या वेळी कुणीही."

"एखाद्या वेळी नाही मॅडम, अकरावीत पण आली होती."

"पण कॉलेज किती लांब. पोरगी जाणार कशी?"

"लांब काय त्यात? बस जाते. नाहीतर मी सोडीन ना, माझी गाडी त्याच रस्त्यानं जाते."

"कांद्याच्या पोत्यांबरोबर?"

"पोत्यांबरोबर कशाला? पुढं बसंल माझ्याजवळ. पोरगी आहे माझी."

"बघा बुवा," तुम्ही कप खाली ठेवत म्हणालात. "तुमचं एवढं ठरलेलंच असेल तर मी कोण अडवणार?"

मशीनवर बसलेली आई सगळ्यांत आधी हसली. बाबांना कळायला थोडा वेळ लागला. तुम्ही गेल्यावर ते म्हणाले, "या बाईनं मला पुरता फिरवला." पण पहिल्या दिवशी त्यांनीच मला कॉलेजात सोडलं, गाडी धुऊन. फाटकापाशी उतरताना मला जरा लाज वाटत होती आणि त्यांना अजिबात वाटत नव्हती. कॉलेजच्या चौकीदाराला त्यांनी सांगितलं, "ध्यान रखना भिया, केमिस्ट्री वाली है."

तेव्हा मला तुमची रीत लक्षात आली. समोरचा जे म्हणेल त्याच्या उलट बाजूला तुम्ही जाऊन उभ्या राहायचा. मग त्याला आपली बाजू स्वतःच ओढत न्यावी लागायची.

रीत कळली होती तरी छत्रीबागेतल्या तुमच्या घरी, गॅलरीत बसून मी तिच्यात सापडलेच. कॉलेजचं शेवटचं वर्ष, भुट्ट्यांचे दिवस होते. तुम्ही मक्याचा कीस करायचा घाट घातला होता आणि मला येताक्षणी किसणी दिलीत. "हात चालू राहिले की तुझं तोंड सुटतं," म्हणालात. खाली गल्लीत पोरं सायकलवरून चकरा मारत होती. एक कणीस संपवून मी म्हणाले, "मॅडम, मी बी.एड. करायचं म्हणतेय."

"नको," तुम्ही वरही बघितलं नाहीत.

"का?"

"आधी तू सांग, का करायचं."

"मला आवडतं शिकवायला."

"आवडतात तर पानी-पताशेही. पाणीपुरीचा ठेला लावणार आहेस?"

"घरी सगळ्यांना बरं वाटेल."

"तू बँकेत लागलीस तरी बरं वाटेल. तुझ्या बाबांना तर तू लोडिंग रिक्षा चालवलीस तरी बरं वाटेल. आता ते फितूर झालेत तुला."

मी दुसरं कणीस किसायला घेतलं. मग तुम्ही हातातलं कणीस बाजूला ठेवलंत आणि जरा वेगळ्या आवाजात बोललात. "शिकलेलं माणूस जवळून तू कोण पाहिलंस? मी. संपलं. साडीच्या दुकानात एकच साडी उलगडून दाखवली आणि तू ती घेतलीस, तर ती काय पसंती झाली? तुला प्रयोगाचा हात आहे. एम.एस्सी. कर, पुढे संशोधनात जा. तुमच्या गल्लीतली एखादी तरी तिकडे दिसू दे."

मी नुसतं किसत राहिले आणि त्यात बोट घासून घेतलं. तुम्ही त्यावर हळद दाबलीत. आतून तुमच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, आवाज आला, "अगं, पोरीला खाऊ तर दे आधी. मग रडव."

"मी रडवत नाहीये. ती विचार करतेय. तिचा चेहराच तसा होतो."

कीस फार छान झाला होता. मी दोनदा घेतला. निघताना तुम्ही म्हणालात, "भारी कारण नको आणू. खरं आण."

मी राजवाड्यापर्यंत चालत गेले, मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत. सराफ्यात दागिन्यांची दुकानं उघडी होती, रात्रीचे खाण्याचे ठेले अजून लागायचे होते. एका दुकानदारानं आतून विचारलं, "क्या दिखाऊँ बेटा?" तेव्हा कळलं, मी त्यांच्या दारात उभी राहून हातवारे करत होते.

तिसऱ्या दिवशीच्या शोकसभेला, उठावन्याला, मी आले होते. हॉल भरला होता. कोणी तुमच्या शिस्तीबद्दल बोललं, कोणी सेवेबद्दल. शेवेबद्दल कोणी बोललं नाही. मी मागे बसले होते. लोक उठायला लागल्यावर नमस्कार करून निघणार, तर काकांनी मला बोलावलं.

"तू ती बी.एड.वाली ना?"

मी मान हलवली.

"ये, बस. तुझ्यावरून आमच्याकडे कितीतरी जेवणं गार झाली."

मला काही समजेना. काका सांगायला लागले. "तू त्या दिवशी गेलीस ना, मी म्हटलं, बरोबर सांगितलंस तिला, पोरीनं पुढे शिकावं. तर माझ्यावर चढली. म्हणे, शाळेत शिकवणं म्हणजे मागे राहणं का? ती शिकवेल तेव्हा बघा तुम्ही. मी म्हटलं, बरं बाई, मग होऊ दे शिक्षिका. तर म्हणे, तुम्हाला काय कळतं केमिस्ट्रीतलं."

"पण काका," मी विचारलं, "त्यांना खरं काय वाटत होतं?"

हे मला फार हवं होतं, मॅडम. त्या हॉलमध्ये मी त्याच्यासाठीच आले होते की काय, असं मला नंतर वाटलं. काकांनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं संसार केला," ते म्हणाले, "हिला चहा गोड आवडायचा की फिका, मला अजून माहीत नाही. मी गोड केला की फिका हवा, फिका केला की गोड."

मला हसू आलं. काकांनाही आलं. पुढच्या रांगेतल्या एक बाई वळून आमच्याकडे बघायला लागल्या, तरी ते थांबेना. मग काका म्हणाले, "आता घरात माझं सगळं बरोबरच असतं. काही मजा नाही." आणि त्यांनी चष्मा परत काढला.

त्या दिवशी घरी येताना मी तुमच्यावर चिडले होते. तुम्ही निदान काकांजवळ तरी खरं सांगून ठेवायला हवं होतं. मी घरी आईला म्हटलं, "आई, बी.एड. करू?" आई म्हणाली, "कर." मी म्हटलं, "की एम.एस्सी.?" ती म्हणाली, "ते पण चांगलंच असंल." बाबा म्हणाले, "तू करशील ते बेस्ट." इतक्या प्रेमाच्या माणसांना सांगता येत नाही की मला कोणीतरी नाही म्हणायला हवं आहे.

तर कारण ऐका. एकच साडी पाहिली म्हणालात, ते मला पटलेलं नाही. शिक्षक मी पुष्कळ पाहिले. लहानपणापासून त्यांच्याच समोर बसले. गाइडमधून उत्तरं लिहून देणारे पाहिले, चांगले होते पण आम्हाला घाबरायचे असेही पाहिले, एक तर इतके छान शिकवायचे की आम्हाला काही विचारायची सोयच नव्हती. त्यांना पाहून मला कधी शिक्षिका व्हावंसं वाटलं नाही. म्हणजे मी दुकानातल्या कितीतरी साड्या बघून नको म्हटलं आहे. हे झालं तुमच्या मुद्द्याचं उत्तर. पण ते खरं कारण नव्हे.

खरं कारण मला या हिवाळ्यात कॉलेजच्या लॅबमध्ये सापडलं. पहिल्या वर्षाच्या दोघींना टायट्रेशन जमत नव्हतं आणि त्यांना सरांना विचारायची भीती वाटत होती, म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. एक म्हणाली, "दीदी, फिर से." मी दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं. ती परत म्हणाली, "पर रंग एकदम से क्यों जाता है, धीरे-धीरे क्यों नहीं?" आणि मॅडम, मला येत नव्हतं. त्या प्रयोगात मला पूर्ण मार्क मिळाले होते, पण ते मला येत नव्हतं हे मला माहीतच नव्हतं. मी तिला बाहेर काढलं नाही. आम्ही तिघींनी मिळून पुस्तक उघडलं, भांडलो, बरंच चुकलो, आणि कळलं. एकटीनं वाचताना माझं डोकं असं कधी चालत नाही. समोर कोणीतरी न समजलेलं माणूस लागतं. मला आवडतं म्हणाले होते ते हेच होतं, पण तेव्हा एवढं सांगता आलं नाही.

तुमचे आभार मानायचे राहिले. मानले असते तर तुम्ही "कशाबद्दल?" विचारलं असतंत आणि मी परत अडकले असते. म्हणून तेही इथेच, न मोजता.

पत्र इथवर लिहून काल संध्याकाळी नावनोंदणीच्या पानासमोर मी बसले होते. माझं सगळं सांगून झालं होतं आणि आता तुम्ही काहीतरी खोट काढणार म्हणून मी वाट बघत राहिले. सवय. मग कोणीच काही बोलेना, तेव्हा मीच काढली. अगदी तुमच्यासारखी, वर न बघता. वीस वर्षं तेच धडे शिकवून कंटाळलीस तर? तेव्हा लॅबमध्ये जायचं वय निघून गेलेलं असेल.

उत्तर यायला वेळ लागला. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. मग मी तुम्हाला सांगितलं, कंटाळले तर तेव्हा एम.एस्सी. करीन. पोरांच्या बरोबरीनं बाकावर बसायची मला लाज वाटणार नाही. आणि गल्लीतलं कोणीतरी तिकडे दिसायला हवं म्हणालात ना, तर आमच्या गल्लीत पुष्कळ पोरी आहेत. त्यांतली एखादी मी पाठवीन. नसेल जायचं तर ती माझ्याशी भांडेल.

मी बी.एड.ला नाव नोंदवलं.

यावर तुम्ही काय म्हणाला असता, ते मला काल रात्रीपासून सुचत नाहीये. म्हणजे एक तर मी जिंकले, नाहीतर तुमच्याइतकं भांडायला मला अजून येत नाही. दुसरंच खरं असणार. ते मी शिकेन, वर्गात.

तुमची,
केमिस्ट्रीवाली